सोळा-दोनवरून उलटलेला डाव: टोंगाने बलाढ्यांना कसं हरवलं

११ नोव्हेंबर २०१७. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातलं वायकाटो स्टेडियम. रग्बी लीग विश्वचषकाच्या गटातला शेवटचा सामना, आणि मध्यंतराला धावफलकावर आकडे होते न्यूझीलंड १६, टोंगा २. या खेळात अशा आकड्यांनंतर दुबळ्या संघाचं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. उत्तरार्धात माणसं दमतात, बचावाच्या रांगेत भगदाडं पडतात आणि शेवटी चाळीस-पन्नासचा मार खाऊन संघ घरी जातो. सामना संपला तेव्हा आकडे होते टोंगा २८, न्यूझीलंड २२.

टोंगा म्हणजे पॅसिफिक महासागरातला लाखभर वस्तीचा देश. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यातही याहून जास्त माणसं राहतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सगळीकडे जिगर, मातीची ओढ, डोळ्यांतलं पाणी यावर भरभरून लिहून आलं. ते खोटं होतं असं नाही. सामन्याआधी किवींचं ‘हाका’ हे माओरी युद्धनृत्य सुरू असतानाच टोंगाच्या खेळाडूंनी समोर उभं राहून आपलं ‘सिपी ताउ’ हे युद्धनृत्य सुरू केलं, ते दृश्य आजही पाहिलं की अंगावर काटा येतो. पण जिगर टोंगाकडे १९९५ मध्येही होती. त्या वर्षी विश्वचषकात इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला याच न्यूझीलंडविरुद्ध ते २४-१२ असे पुढे होते आणि अखेरीस मॅथ्यू रिजच्या एका ड्रॉप गोलने २४-२५ असे हरले. जिगर २०१३ मध्येही होती, आणि तेव्हा ते स्कॉटलंडकडून २४-२६ हरले. मग २०१७ मध्ये वेगळं काय झालं, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर निम्मं मैदानाबाहेर सापडतं.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंचा रग्बी. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या क्लबांनी १८९५ मध्ये खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीच्या भरपाईवरून वेगळी चूल मांडली, त्यातून हा प्रकार जन्मला. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पकडलं जाईपर्यंत पुढे सरकायचं. सहाव्यांदा पकडले गेलात की चेंडू समोरच्याचा. म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक संघ चेंडू लाथ मारून लांब पाठवतात. ट्रायचे, म्हणजे समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवण्याचे, चार गुण, त्यानंतरच्या किकचे दोन, पेनल्टी किकचेही दोन, चालू खेळात मारलेल्या ड्रॉप गोलचा एक.

प्रो कबड्डी पाहणाऱ्याला यातली घालमेल लगेच कळेल. दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ होते, तसंच इथे पाचव्या टॅकलनंतर होतं. फरक इतकाच की इथे ही वेळ दर दोन मिनिटांनी येते, आणि ऐंशी मिनिटं येत राहते.

आता एक टॅकल जवळून बघा. शंभर-एकशेदहा किलोचा माणूस चेंडू घेऊन सरळ रांगेवर आदळतो. दोघे-तिघे त्याला धरून खाली पाडतात. पंच पकड पूर्ण झाल्याचं सांगतो, तेव्हा पकडणाऱ्यांना त्याला सोडून बाजूला व्हावं लागतं. तो उठतो, चेंडू जमिनीवर ठेवतो आणि पायाने मागे ढकलतो. मागे उभा असलेला डमी हाफ तो उचलतो. एवढ्या वेळात बचावाची आख्खी रांग दहा मीटर मागे गेलेली असली पाहिजे. सगळी मेख इथेच आहे. पडलेला माणूस पटकन उठला तर समोरचे अजून उलट्या पावलांनी मागे जात असतात, आणि पुढचा घाव त्यांच्यावर तशाच अवस्थेत बसतो. उठायला उशीर झाला तर ते पाय रोवून तयार असतात. टॅकल करणं हे पळण्यापेक्षा जास्त दमवतं. ज्याच्या हातून चेंडू वारंवार सुटतो, तो स्वतःला दुप्पट टॅकल करायला लावतो आणि साठाव्या मिनिटाला त्याची किंमत मोजतो.

दुबळे संघ हरतात ते बहुतेकदा असे. पहिली पंचवीस-तीस मिनिटं बरोबरीने झुंजतात, पण प्रत्येक पकडीत अर्धा सेकंद हरतात, आणि त्या अर्ध्या-अर्ध्या सेकंदांची बेरीज उत्तरार्धात वसूल केली जाते.

दार कुणी उघडलं

रग्बी लीगमध्ये देशांच्या दोन पायऱ्या मानतात. वरच्या पायरीवर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इंग्लंड. बाकी सगळे खाली. पॅसिफिकमधल्या टोंगा, सामोआ, फिजी या बेटांवरून दोन-तीन पिढ्यांपूर्वी लोक कामधंद्यासाठी ऑकलंड, सिडनी, ब्रिस्बेनला गेले. २०१८ च्या न्यूझीलंडच्या जनगणनेत टोंगन वंशाची माणसं सुमारे ८२ हजार भरली. टोंगात राहणाऱ्यांशी ताडून पाहा म्हणजे त्या आकड्याचं वजन कळेल. या घरांतली मुलं ऑस्ट्रेलियातल्या एनआरएल या व्यावसायिक लीगमध्ये वाढली. आज त्या लीगमधले जवळपास निम्मे खेळाडू पॅसिफिक वंशाचे आहेत.

पण अनेक वर्षं गणित असं होतं की त्यातला जो सर्वात चांगला, तो ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा. उरलेले टोंगाचे, सामोआचे. मग पात्रतेचे नियम सैल झाले आणि दोन देशांशी नातं असलेल्या खेळाडूला वरच्या पायरीवरचा देश सोडून खालच्या पायरीवरच्या देशाकडून खेळण्याची मुभा मिळाली.

२०१७ च्या विश्वचषकाचे संघ जाहीर होण्याच्या तोंडावर जेसन टाउमालोलोने न्यूझीलंडला नकार कळवला. जन्म ऑकलंडचा, २०१६ मध्ये एनआरएलमधल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचं डॅली एम पदक कूपर क्रॉंकसोबत विभागून घेतलेला, नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजशी दहा वर्षांचा करार केलेला माणूस. न्यूझीलंडच्या संघरचनेत तो कणा होता, आणि तो कणाच उठून समोरच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या जोडीला सिओ सिउआ टाउकेइआहो, मनु मा’उ आणि डेव्हिड फुसितुआ. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने अँड्र्यू फिफिता आला, ज्याने त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सकडून स्टेट ऑफ ओरिजिन ही क्वीन्सलंडविरुद्धची प्रतिष्ठेची मालिका खेळली होती. संघाचा कर्णधार सिका मनु, जो २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाला अंतिम सामन्यात ३४-२० ने हरवणाऱ्या न्यूझीलंडच्या संघात होता.

मोठ्या देशाच्या जर्सीतलं मानधन टोंगाच्या तुलनेत कितीतरी जास्त. त्यामुळे या निर्णयांना भावनेचा आधार होताच, ते मी नाकारत नाही. पण निकाल फिरला तो भावनेने नव्हे. एका सहीने दोन्ही पारडी हलली. टोंगाला खेळाडू मिळाला आणि न्यूझीलंडचा तोच खेळाडू गेला. दुबळ्या संघाने मेहनत करून एक पाऊल पुढे जावं आणि त्याच वेळी बलाढ्याने एक पाऊल मागे यावं, असं खेळात क्वचित घडतं.

मग याला दुबळा संघ म्हणायचं का? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो अगदीच पोकळ नाही. सुरुवातीचे तेरा पाहिले तर टोंगाची पुढची फळी जगात कुणालाही लाजवेल अशी होती. पण संघ तेरांचा नसतो. निधी, सरावाचे दिवस, राखीव खेळाडूंची फळी, एकत्र खेळलेले सामने, या सगळ्यात टोंगा कंगालच होता. आणि एक मोठी उणीव मैदानावरही उघडी होती. खेळ चालवणारे जे दोन हाफ असतात, क्रिकेटच्या भाषेत बोलायचं तर डाव बांधणारे, ते टोंगाकडे पहिल्या दर्जाचे नव्हते. तुइमोआला लोलोहेआला अनेक जागांवर फिरवलं जायचं. पुढे २०१८-१९ मध्ये तर जॉन आसिआटा या धिप्पाड फॉरवर्डला, म्हणजे पुढच्या फळीतल्या खेळाडूला, सहा नंबरची जर्सी देऊन हाफच्या जागी उभं केलं गेलं.

हॅमिल्टनचा उत्तरार्ध

प्रशिक्षक क्रिस्टियन वुल्फ ऑस्ट्रेलियन. २०१४ पासून टोंगासोबत. पुढे इंग्लंडमध्ये सेंट हेलेन्सला सलग तीन वर्षं विजेतेपद मिळवून देणारा हाच. त्याच्या संघाचा उत्तरार्ध मी तीन-चारदा पाहिला आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट जाणवली. पिछाडीवर असलेला संघ हमखास जे करतो, ते टोंगाने केलं नाही. लांब पास, चमत्कारिक डावपेच, पहिल्याच टॅकलला जुगार, यातलं फारसं काही नाही. त्यांनी खेळ आणखी साधा केला. टाउमालोलो आणि फिफिता मधोमध, पुन्हा पुन्हा, जवळजवळ कंटाळा येईल इतक्या वेळा.

पण प्रत्येक धडकेला तीन किवी लागत होते. तिघे एकाला धरायला आत ओढले गेले की रांग आकसते. आकसली की कडेला जागा सुटते. डेव्हिड फुसितुआ विंगवर, म्हणजे अगदी कडेला. त्याने त्या दिवशी तीन ट्राय केले. टीव्हीवर दिसतो तो कोपऱ्यात झेपावणारा फुसितुआ. त्या झेपेची जागा मात्र तीन-चार टॅकल आधी, मैदानाच्या मध्यावर तयार झालेली असते. आपल्याकडे चढाईपटू बोनस घेतो आणि टाळ्या त्यालाच मिळतात, कोपरारक्षकाने आधीच्या रेडमध्ये काय करून ठेवलंय ते कुणी पाहत नाही, तसंच हे.

उत्तरार्धाचा हिशेब टोंगा २६, न्यूझीलंड ६. वरच्या पायरीवरच्या देशाला खालच्याने हरवण्याची वीसेक वर्षांतली ही पहिली वेळ होती. आणि किवींचं खचणं त्या दिवसापुरतं राहिलं नाही. आठवड्याभरात वेलिंग्टनला उपांत्यपूर्व सामन्यात ते फिजीकडून ४-२ असे हरून बाहेर पडले. एकही ट्राय न झालेला सामना. ज्या संघाचा आत्मविश्वास असा तडकलेला असतो, त्याच्याविरुद्ध फिजीने फक्त चिवट राहायचं ठरवलं आणि ते पुरलं.

टोंगाच्याही भिंतीला भेगा

इथे थांबलो तर प्रकरण गोड वाटेल, पण अर्धवट राहील. किवी फिजीकडून हरले त्याच दिवशी टोंगा आपल्या उपांत्यपूर्व सामन्यात ख्राइस्टचर्चला लेबनॉनविरुद्ध कसाबसा २४-२२ असा निसटला. त्या सामन्यात दुबळे टोंगा नव्हते, आणि फेव्हरिट म्हणून कसं खेळायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग २५ नोव्हेंबरला ऑकलंडच्या माउंट स्मार्टवर इंग्लंडविरुद्धची उपांत्य फेरी. तीस हजारांचं मैदान लालेलाल, आणि सामना संपायला सात-आठ मिनिटं असताना इंग्लंड २०-०. हॅमिल्टनला जी पद्धत चालली तीच इथे अडली, कारण इंग्लंडने मधली फळी ढळू दिली नाही आणि टोंगाकडे पाचव्या टॅकलनंतरची चांगली किक नव्हती. पुढे सरकायचं, मग चेंडू नुसताच समोरच्याच्या हाती द्यायचा. हाफची उणीव इथे दिसली.

आणि मग त्या सात मिनिटांत तीन ट्राय. २०-१८. शेवटच्या काही सेकंदांत फिफिता चेंडू घेऊन गोलरेषेकडे झेपावला, मागून एलियट व्हाइटहेडने त्याला गाठलं, हात चेंडूपर्यंत पोहोचला, चेंडू सुटला. पंच मॅट सेचिन यांनी चेंडू खेळाडूकडूनच सुटला असं ठरवलं आणि व्हिडिओ पंचाकडे विचारणा केली नाही. त्यावर टोंगन लोकांनी केवढा गदारोळ केला. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो की नाही हे दर वेळी पाहताना बदलतं. पण ज्या संघाने ७३ मिनिटं एकही गुण केला नाही, त्याने पराभवाचं खापर ७९व्या मिनिटावर फोडू नये असं माझं मत कायम आहे.

दोन वर्षांनी, ईडन पार्क

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये टोंगाला प्रथमच ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी मिळाली. माउंट स्मार्टची तिकिटं संपली आणि निकाल ३४-१६, ऑस्ट्रेलियाच्या बाजूने. २०१९ च्या जूनमध्ये न्यूझीलंडनेही ३४-१४ ने परतफेड केली. बऱ्याच जणांनी तेव्हा २०१७ हा योगायोग होता असं म्हणून विषय मिटवला.

त्यात घरचं भांडण. सप्टेंबर २०१९ मध्ये टोंगाच्या राष्ट्रीय मंडळाने वुल्फला पदावरून काढलं. खेळाडूंनी त्याच्याशिवाय खेळायला नकार दिला. आंतरराष्ट्रीय महासंघाने मध्ये पडून मंडळालाच निलंबित केलं आणि संघ ‘टोंगा इन्व्हिटेशनल थर्टीन’ अशा विचित्र नावाने, वुल्फच्याच हाताखाली मैदानात उतरला. प्रशिक्षक कोण हे खेळाडू ठरवू लागले की शिस्तीचं काय, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण माझ्या मते या संघाचं सर्वात मोठं भांडवल तेच होतं. वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे एकत्र येणाऱ्या संघाला पद्धत बदलणं परवडत नाही. पाच वर्षं एकच आवाज, एकच भाषा, एकच बचावाची रचना. मोठ्या देशाला प्रशिक्षक बदलून चालतो, कारण त्याच्याकडे वेळ विकत घ्यायला पैसा असतो.

२६ ऑक्टोबरला हॅमिल्टनला ग्रेट ब्रिटनवर १४-६. ब्रिटनचा संघ २००७ नंतर प्रथमच त्या नावाने खेळत असलेला, विस्कळीत. तो दौऱ्यातले चारही सामने हरला, शेवटचा तर पापुआ न्यू गिनीकडून. म्हणून त्या विजयाला मी फार वजन देत नाही.

२ नोव्हेंबरचं तसं नाही. ऑस्ट्रेलिया विश्वविजेता. आठवडाभरापूर्वीच त्यांनी न्यूझीलंडला २६-४ असं लोळवलेलं. संघात जेम्स टेडेस्को, कॅमरन मन्स्टर, डेली चेरी-इव्हान्स, डेमियन कुक. ईडन पार्कवर एकाच दिवशी तीन कसोट्या होत्या, त्यातली ही. टोंगा १६, ऑस्ट्रेलिया १२. न्यूझीलंड आणि ब्रिटन-इंग्लंड वगळून दुसऱ्या कुणाकडून ऑस्ट्रेलिया हरला तो १९७८ मध्ये, फ्रान्सकडून. त्यानंतर थेट हा दिवस.

दोन्ही आठवड्यांचे आकडे शेजारी ठेवा: १४-६, १६-१२. हॅमिल्टनचे २०१७ चे २८ गुण इथे कुठेच नाहीत. टोंगा आता जास्त गुण करून जिंकत नव्हता, समोरच्याला कमी गुण करू देऊन जिंकत होता. दोन सामन्यांत मिळून १८ गुण दिले. हाफच्या जागी फॉरवर्ड उभा करण्यामागचा हिशेबही मग कळतो. आसिआटा अचूक किक मारणार नाही हे मान्य, पण त्याच्या अंगावर धावून जाऊन भगदाड पाडता येणार नाही. मोठे संघ नेहमी समोरच्याच्या छोट्या हाफला हेरून त्याच्यावर माणसं सोडतात. टोंगाने ते लक्ष्यच काढून घेतलं. आपल्याकडे जे नाही त्याची उधारउसनवार नक्कल करण्याऐवजी, नसलेल्या जागी आपल्याकडे भरपूर असलेली वस्तू ठेवली. गुण कमी होतील हे पत्करून.

हे टोंगापुरतं आहे का

इंग्लंडमध्ये १५ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यूकॅसलला विश्वचषकाच्या सलामीला सामोआ यजमानांकडून ६०-६ असा धुतला गेला. बरोबर चार आठवड्यांनी, १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये उपांत्य फेरीत त्याच सामोआने त्याच इंग्लंडला २७-२६ असं हरवलं, जादा वेळेत स्टीफन क्राइटनच्या ड्रॉप गोलवर. सामोआचे क्राइटन, जेरोम लुआई, ब्रायन टो’ओ हे तिघे २ ऑक्टोबरला सिडनीत एनआरएलचा अंतिम सामना खेळून आले होते. पहिल्या सामन्याला संघ जेमतेम जमला होता. चार आठवडे एकत्र राहायला मिळाले, तेवढ्यात ५४ गुणांचं अंतर मिटलं. याहून उघड प्रयोग कुणी मुद्दाम मांडून दाखवू शकणार नाही.

आणि आपल्याला हे दूरचं वाटायचं कारण नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं. १९९० पासून एकही सुवर्ण न सोडलेला संघ. तेव्हा आपल्याकडे बरीच हळहळ झाली, आपल्या पोरांनी कमी लेखलं वगैरे. पण फझल अत्राचली कुठे घडला? यू मुंबाच्या जर्सीत, आपल्याच मॅटवर, आपल्याच चढाईपटूंचे पाय रोज धरून. त्याच वर्षीच्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटी मोजले होते. आपल्या रेडरच्या पायाची हालचाल त्याला आपल्या निवड समितीइतकीच पाठ होती. एनआरएलने टोंगाला जे दिलं, ते प्रो कबड्डीने इराणला दिलं.

तेव्हा बलाढ्य संघाला हरवायचं कसं, या प्रश्नाला टोंगाचं प्रकरण जे उत्तर देतं ते जरा अवघड आहे. बलाढ्याच्याच घरात शिका, तिथली प्रत्येक खोली पाहून या, आणि मग एक प्रशिक्षक धरून ठेवा. यातली पहिली गोष्ट छोट्या देशाच्या हातात नसते. पात्रतेचे नियम तसेच राहिले असते, तर टाउमालोलो न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीतच खेळला असता आणि मी हे लिहिलं नसतं.

ऑस्ट्रेलियाची सत्ता अजून संपलेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०२२ चा विश्वचषक त्यांनीच नेला, अंतिम सामन्यात सामोआला ३०-१० असं हरवून. २०२४ च्या पॅसिफिक चॅम्पियनशिपचा अंतिम सामनाही टोंगा त्यांच्याकडून हरला, पण २०-१४ असा. त्याच्या आठवडाभर आधी, २ नोव्हेंबरला, माउंट स्मार्टवर टोंगा-न्यूझीलंड सामना बरोबरीत सुटून जादा वेळेत गेला. टोंगाकडे आता इसाया काटोआ नावाचा तरुण, अस्सल हाफ होता. त्याने ड्रॉप गोल मारला, आणि निकाल लागला २५-२४. वॉरिंग्टनला एकोणतीस वर्षांपूर्वी हेच आकडे होते, फक्त तेव्हा २४ टोंगाचे होते.